गवताच्या ट्रकचा पास कोण लिहिणार?

(नेसरी येथे झालेल्या वनहक्क मेळाव्यात तलासरी-डहाणू भागातून आलेल्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



 आम्ही तलासरी-डहाणू भागातले वारली. मुंबईहून कोल्हापूर, कोल्हापूरहून गडहिंग्लज आणि तिथून एस्टीनं इथं आलो. आल्या आल्या प्रतापराव गुजरांच्या स्मारकाला हात जोडले. मग वर धनगरवाड्यावर राहायला गेलो.

तिथं संध्याकाळी एक मावशी गवताचा भारा डोक्यावरून उतरवत होत्या. आम्ही हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमची मान मोडंल." आम्ही हसलो. आमच्या पाड्यावरची आईसुद्धा हेच म्हणते. मग बोलणं निघालं ते गवतावरच. दिवाळी झाली की कापणी, मग भारे, मग व्हळी रचायची, आणि रात्री गवा येऊन व्हळी उसकटून जातो. मावशींनी विचारलं, "आमी भारा सडकंपर्यंत आणतो. म्होरं त्येचं काय हुतं?" आज आम्ही त्या "म्होरं"वरच बोलणार आहोत.

आमच्याकडं गवत म्हणजे फक्त गुरांचं खाणं नाही. डहाणू, उंबरगावच्या माळावरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. सावकार-जमीनदार आमच्या आजोबांकडून ते कापून घेत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर आले, लाल बावटा आला आणि वारल्यांनी संप केला. मागणी साधी होती. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे आजचे सव्वादोनशे किलो. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला माणसं जमली, त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. तरी विळा कुणी उचलला नाही आणि दर मिळाला. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामाला दिवसाचा सव्वा रुपया मागितला, त्यालाही लाकूडवाल्यांशी असंच भांडावं लागलं.

हे ऐकून वाटेल, मग तुमचं भागलं की. नाही भागलं. मजुरी वाढली, पण गवत आमचं झालं नाही. कापणारा तोच राहिला आणि विकणारा दुसराच राहिला. असं का, हे आम्हाला एका ट्रकनं शिकवलं.

गवताला ट्रक कसला येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. जो दुसऱ्या कुठल्या कामाचा उरला नाही, तो. गवत हलकं, म्हणून म्हातारा ट्रक चालतो. हौद्याच्या फळ्या निसटलेल्या, फाळका तारेनं बांधलेला, स्टेपनी असली तर नशीब. तो ढकलून चालू करायचा तोही आम्हीच. भरणं सोपं वाटतं, पण नाही. खालचा थर घट्ट तुडवावा लागतो, कडेचे भारे आत तोंड करून लावावे लागतात, नाहीतर पहिल्याच वळणावर अख्खी रास कलते. वर चढलेल्या पोरानं विजेच्या तारांवर नजर ठेवायची. आणि गरम सायलेन्सर घेऊन ट्रक वाळलेल्या गवतात कधी घालू द्यायचा नाही. आमच्या शेजारच्या पाड्यावर तसा एक ट्रक गवतासकट जळला. डायवर उडी मारून वाचला. ही सगळी अक्कल आमची. पण ट्रकच्या पुढच्या काचेमागं जो कागद असतो, तो वाहतुकीचा पास, तो कधी आमच्या हातात नव्हता.

एकदा व्यापाऱ्यानं असाच ट्रक पाड्यावर आणला. अर्धा आधीच भरलेला होता. म्हणाला, दुसऱ्या पाड्यावरचं गवत आहे, तुम्ही वरचं भरा. आमच्या चार पोरांनी भरलं आणि उतरवायला म्हणून ट्रकवर बसून गेले. एका नाक्यावर ट्रक अडवला, गवत उपसलं, तर खाली खैराचे सोललेले ओंडके. ट्रक जप्त, पोरं आत. व्यापारी मागून मोटारसायकलनं येत होता, तो तिथूनच परत फिरला. पासवर नाव त्याचं नव्हतं, कुणा तिसऱ्याचंच होतं. पोरांना सोडवायला एका घरानं बैल विकले, एकानं चांदी. त्यातला एक आमचा सख्खा भाऊ. आजही कुठं खैर तुटला की पहिली विचारपूस त्याच्याकडं होते.

त्या दिवसापासून आम्ही कायदा वाचायला बसलो. बारावीपर्यंत शिकलो त्याचा हा एवढा उपयोग झाला.

१९२७ च्या वन कायद्यात जंगलातलं गवतसुद्धा "वनोपज" आहे. म्हणजे ओंडक्याला जसा पास लागतो, तसा जंगलातून आणलेल्या गवतालाही मागता येतो. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्यानं सांगितलं की इमारती लाकूड सोडून झाडाझुडपांपासून मिळणारं बाकी सगळं गौण वनोपज आहे. ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा. बरं वाटलं. पण २००८ च्या नियमात मेख होती. माल न्यायचा तर डोक्यावरून, सायकलवर नाहीतर हातगाडीवर. मोटार आली की जुनाच पास. आता सायकलवर गवत नेऊन कुठला तबेला भरतो? डोक्यावरचा भारा आमचा आणि ट्रक त्यांचा, हेच पुन्हा कागदावर आलं.

सप्टेंबर २०१२ मध्ये ते नियम बदलले. आता योग्य त्या कुठल्याही वाहनानं माल नेता येतो, जंगलाच्या बाहेरसुद्धा. आणि पास द्यायचा तो ग्रामसभेच्या समितीनं किंवा ग्रामसभेनं नेमलेल्या माणसानं. हे हवेतलं नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या पासाचं पुस्तक गावाच्या हातात आलं. त्या दिवशी केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघं गावात होते. नियम बदलायच्या आधी त्यांनी हे मिळवलं.

पण हे काही आपोआप होत नाही. सामूहिक हक्काचा दावा मंजूर नसेल तर पासाचं पुस्तक नुसतं छापून उपयोग नाही, नाक्यावर ते फाडून हातात देतील. आणि इथं तुमची अडचण आमच्यापेक्षा मोठी आहे, ती लपवत नाही. आम्ही अनुसूचित जमातीत, आम्हाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात आहोत एवढं दाखवावं लागतं. धनगर-गवळी घरांना कायदा "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणतो, त्यांना त्या तारखेच्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. म्हणून लोक म्हणतात, कागद कुठून आणायचा, सोडून द्या.

सोडू नका. कायद्याला नुसता कागदच चालतो असं नाही. दावा न करणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा आहे. देवाचं ठिकाण, जुनी विहीर, मसणवटा, गोठ्याचे दगडी चौथरे हेही पुरावे. फक्त एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. चराईच्या पावत्या शोधा, त्या बहुतेक घरात देवाच्या पेटीत असतात. आणि चंदगडच्या वाड्यांनी एक ध्यानात ठेवा, १९५६ च्या आधी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. जुना कागद कोल्हापुरात नाही मिळाला तर तो नाहीच असं समजू नका, बेळगावला बघा.

आम्ही ट्रक विकत घ्या म्हणत नाही. जुना ट्रक म्हणजे दारात बांधलेला भाकड रेडा, खातो तेवढंच. ट्रक भाड्यानं आणा. पण तो रिकामा यायला पाहिजे. आमच्या पाड्यावर आता हा नियम आहे. फाळका उघडून रिकामा हौदा चार माणसं बघतात, त्यात दोन बाया. पहिल्या भाऱ्यापासून शेवटच्यापर्यंत एक जण उभा राहून मोजतो. ट्रकचा नंबर, डायवरचं नाव, भारे किती, कुठून कुठं, तारीख, सगळं वहीत उतरवतो आणि डायवरची सही घेतो. आमचा दावा अजून मंजूर नाही, तरी वही सुरू केली. सवय आधी लागू दे. एका व्यापाऱ्यानं वही बघून ट्रक परत नेला. त्या वर्षी आमचं थोडं गवत पडून राहिलं, घरात बोलणी खाल्ली. दुसरा व्यापारी आला, त्यानं सही केली.

आणि लाकूड त्यात मिसळू नका, कुणी कितीही पैसे दाखवले तरी. इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही. गवताखाली एक ओंडका सापडला की गवताचा हक्कही गेला आणि पोरंही गेली. घराला वासा लागतो, नांगराला लाकूड लागतं, ते भांडण वेगळं आहे आणि ते उघड भांडायचं, गवताखाली झाकून नाही.

उद्या सकाळी आम्ही वरच्या वाड्यावरच आहोत. सगळ्यात म्हातारं जे कोण असेल त्यांना पाठीवर आणावं लागलं तरी आणा, त्यांचं बोलणं आम्ही लिहून घेऊ. पावत्या असतील तर मूळ कागद कुणालाच देऊ नका, आम्हालाही नाही. झेरॉक्स नेसरीत होते. आणि ज्या मावशींनी काल प्रश्न विचारला, त्यांनी वही धरायची का, हे वाडीनं रात्री ठरवावं. त्या म्हणतात लिहिता येत नाही. मोजता येतं की नाही? लिहायला नात आहे, सातवीत.