जुन्या मोटारीचे नवे कांटे

वैशाखांतील भर दुपारीं भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालेली एखादी जुनी फियाट मोटार डोळ्यांसमोर आणावी. वाट सुमारें 60 किलोमीटरांची. पण हवेंतील पारा 45 अंशांकडे सरकलेला आणि रस्ता तव्यासारखा तापलेला. समोरच्या चकचकीत नव्या मीटरांत उष्णतेचा कांटा मध्यावर स्वस्थ आहे, म्हणून हांकणारे गृहस्थही स्वस्थ आहेत. इतक्यांत कांटा थोडा खालीं येतो, तेव्हां त्यांस अधिकच बरें वाटतें. पुढच्याच मैलांत वाफेचा भपकारा येतो आणि एंजिन अडकून बसतें. झांकण उघडून पाहावें, तों आंत पाणीच नाहीं! पाणी गळून गेल्यामुळें मापनाचा सेंडर उघडा पडला होता आणि कांटा पाण्याऐवजीं पोकळींतील हवेची उष्णता सांगत होता.

हें उदाहरण कल्पिलेलें असलें, तरी त्यांतील धोका खरा आहे. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेल्या फियाट गाड्या एके काळीं महाराष्ट्रांत सर्वत्र दिसत. 1974 पासून याच गाडीस ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. आज अशी वडिलोपार्जित गाडी पुन्हां रस्त्यावर आणण्याची हौस अनेक घरांत दिसते. जुने मीटर बंद पडलेले असतात, तेव्हां बाजारांतून नवे आणावे लागतात. निवड बहुधा तबकडीचें रूप पाहून केली जाते. आणि चूक होते ती नेमकी येथेंच.

पहिली गोष्ट ही कीं, मूळ मीटर दुरुस्त होत असेल तर तोच राखावा. 2021 सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांनीं 50 वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत जतन केलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद करण्याची सोय झाली. ज्या गाडीला हा मान मिळण्याजोगा आहे, तिच्या डॅशबोर्डास करवत लावण्यापूर्वीं मालकानें दहादां विचार करावा. जादा मीटर हवेच असतील, तर ते डॅशबोर्डाखालीं वेगळ्या पट्टीवर बसवावे, म्हणजे मूळ पत्र्यास भोंक पडत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विजेवर चालणारा मीटर एकटा कधींच नसतो. तो आणि त्याचा सेंडर ही जोडी असते. सेंडर आपला विद्युत्-रोध बदलतो आणि कांटा त्याप्रमाणें हलतो. हा रोध ओम या मापांत मोजतात. पेट्रोलच्या टांकीचेंच पाहावें. एका प्रचलित अमेरिकी पद्धतींत टांकी रिकामी असतां 240 ओम आणि भरली असतां 33 ओम रोध असतो. एका युरोपीय पद्धतींत रिकाम्या टांकीस 10 आणि भरलेल्या टांकीस 180. पहिल्या पद्धतीचा मीटर दुसऱ्या पद्धतीच्या सेंडरला जोडला, तर भरलेली टांकी जवळजवळ रिकामी दिसेल, आणि टांकी कोरडी पडली कीं कांटा भरल्याची द्वाही फिरवील. म्हणून सेंडर व मीटर एकाच जोडीचे घ्यावे. बॅटरी 6 व्होल्टांची कीं 12 ची, आणि तिचें कोणतें टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें आहे, हेंही आधीं पाहावें. सेंडरचे आटे एंजिनच्या भोंकाशीं जुळत नसतील, तर बळानें पिळूं नयेत. लेथवर पितळी जोडतुकडा करून घ्यावा. पितळी भांड्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यांत पितळेचें महत्त्व सांगावयास नको.

कोणते मीटर घ्यावे? आमच्याकडील उन्हाळ्यांत उष्णतेचा मीटर अग्रक्रमाचा. पण त्याचा सेंडर पाणी सदैव भरलेलें राहील अशाच जागीं असावा. त्यानंतर तेलाच्या दाबाचा मीटर. पुष्कळ जुन्या गाड्यांत यासाठीं केवळ एक लाल दिवा असे; तो पेटतो तोंवर दाब फारच उतरलेला असतो. कांटा मात्र उतरता दाब आधींच दाखवितो. नळीनें थेट तेल आणणारा मीटर विश्वासू खरा, पण ती नळी फुटली तर कढत तेल पायांवर येतें. ती पक्की बांधलेली व घासण्यापासून राखलेली असावी. विजेचा प्रवाह मोजणाऱ्या जुन्या अँमीटरमधून दिवे, बॅटरी इत्यादिकांचा मोठा प्रवाह जातो. डायनामोच्या जागीं अधिक जोराचा अल्टरनेटर बसविल्यास त्याच्या तारा तापून आग लागण्याचें भय असतें. अशा गाडीस फ्यूज लावून जोडलेला व्होल्टमीटर बरा. 12 व्होल्टांची व्यवस्था नीट असेल, तर चालत्या एंजिनावर तो साधारण 14 च्या आसपास राहतो.

शेवटीं परीक्षा. उष्णतेचा सेंडर तारा जोडून, त्याच्या धातूच्या अंगापासून सांगाड्यापर्यंत एक तार देऊन, उकळत्या पाण्याच्या भांड्यांत धरावा. कांटा 100 अंशांजवळ गेला पाहिजे. पेट्रोल मोजून 5-5 लिटर ओतावें आणि कांटा पाहावा. वेगाचा कांटा 60 वर स्थिर ठेवून शेजाऱ्यानें घड्याळ धरावें. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत 60 सेकंद लागले, तर तो खरा.

भांडें विकत घेतांना घरची गृहिणी तें बोटानें वाजवून पाहते. नुसत्या लकाकीवर तिचा विश्वास नसतो. मीटर घेणाऱ्यानें तिचाच कित्ता गिरवावा. मीटर नसलेला मनुष्य सावधपणें गाडी थांबवून पाणी तरी पाहतो. खोट्या मीटरवर विसंबलेला मनुष्य तेवढेंही करीत नाहीं.