डॅशबोर्डावरचा आंकडा आणि टाकीचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप ट्रक ही केवळ मालवाहू गाडी राहिलेली नाहीं. पुढें चार-पांच माणसें बसतील अशी बंद केबिन आणि मागें उघडा हौदा, अशा या गाडींतून सुतार आपलीं हत्यारें नेतो, शेतकरी गवताचे भारे नेतो, आणि सुट्टीच्या दिवशीं तीच गाडी सबंध कुटुंबास बाजारांत घेऊन जाते. फोर्ड कंपनीची एफ-मालिका १९८० च्या दशकापासून पुढें चार दशकें त्या देशांत सर्वांत अधिक खपणारी गाडी ठरली, यावरून या वाहनाचें तेथील जीवनांतलें स्थान ध्यानांत येईल. अशा गाडीला पेट्रोल किती लागतें, हा प्रश्न तेथें चैनीचा नसून घरखर्चाचा आहे.

या प्रश्नाचें उत्तर अलीकडच्या गाड्या स्वतःच देतात. चालकासमोरच्या डॅशबोर्डावर आंकडा झळकतो. समजा, तो आहे गॅलनला १९.४ मैल. अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारें ३.७९ लिटर; तेव्हां हें मायलेज लिटरला सव्वाआठ किलोमीटरांच्या घरांत जातें. पण तोच मालक पंपावर टाकी भरतो, चाललेले मैल व भरलेले गॅलन कागदावर मांडून भागाकार करतो, आणि उत्तर येतें १८.२! गाडी एक, प्रवास एक, आणि आंकडे मात्र दोन. यांतला खरा कोणता, आणि दुसरा खोटा कां?

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, डॅशबोर्डावरचा आंकडा सहसा प्रत्यक्ष मापलेला नसतो, हिशेबानें काढलेला असतो. सर्वसाधारण पिकअपमध्यें पेट्रोल मोजणारें वेगळें मीटर बसविलेलें नसतें. इंजिनांत पेट्रोल सोडणारी जी बारीक झडप असते तिला इंजेक्टर म्हणतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टर त्या मिनिटांत निदान १,००० वेळां उघडतो व मिटतो. प्रत्येक खेपेस तो किती वेळ उघडा ठेवावयाचा हें गाडींतला संगणक ठरवितो. अमुक दाबाखालीं तेवढ्या वेळांत किती पेट्रोल जावें, याचें प्रमाण त्यास कारखान्यांतच शिकविलेलें असतें. त्या सर्व क्षणांची बेरीज म्हणजे जळलेलें पेट्रोल, आणि चाकांच्या फेऱ्यांची बेरीज म्हणजे कापलेलें अंतर. दोहोंचा भागाकार तोच डॅशबोर्डावरचा आंकडा.

नळ किती मिनिटें सुटा होता यावरून हंड्यांत किती पाणी आलें हें सांगावें, तशांतलाच हा प्रकार होय. पाण्याचा दाब रोजच्यासारखा असला आणि नळांत कचरा नसला तर अंदाज बरोबर येतो. परंतु इंजेक्टर हेंहि मनुष्याच्या हातची वस्तु आहे. त्याचें भोंक ठरलेल्या मापाहून किंचित् मोठें असेल तर थोडक्या वेळांत अधिक पेट्रोल जातें. धुराच्या नळींतला प्राणवायूचा मापक तें ओळखतो व संगणक झडप लौकर मिटवूं लागतो. वेळ कमी झाला म्हणून हिशेबांत पेट्रोलहि कमी धरलें जाऊं शकतें, आणि डॅशबोर्डावर मायलेज वाढलेलें दिसतें! उलट इंजेक्टरांत मळ सांचला तर झडप अधिक वेळ उघडी राहते व मायलेज आहे त्याहून कमी दिसूं शकतें. म्हणजे यंत्र लबाडी करीत नाहीं. त्यास शिकविलेलें प्रमाण आणि प्रत्यक्ष स्थिति यांत अंतर पडलेलें असतें.

मग पंपावरचा हिशेब तरी निर्दोष आहे काय? पंपांतलें मीटर हें खरोखर मोजणारें मीटर असतें. अमेरिकेंत वजनेंमापें खात्याचे निरीक्षक पांच गॅलनांचें प्रमाणित भांडें घेऊन त्याची तपासणी करतात. पांच गॅलनांमागें सहा घनइंचांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे शेंकडा सुमारें अर्धा. परंतु पंप अचूक असला तरी टाकी ‘भरली’ म्हणजे नेमकी किती भरली, हें कोण सांगणार? नोझल कोठें लौकर बंद होते, कोठें उशिरां. गाडी उतारावर उभी असली तर टाकींत हवा कोंडून राहते. दहा गॅलन भरतांना अर्ध्या गॅलनाची चूक झाली तर तीच शेंकडा पांच होते. शिवाय दर १० अंश सेल्सियसला पेट्रोल शेंकडा एकाच्या जवळपास फुगतें. एकाच भरणीवरून गाडीच्या संगणकास खोटें ठरविणारा मालक एक अंदाज दुसऱ्या अंदाजानें तपासीत असतो, एवढेंच.

या दोषावर उपाय मात्र सोपा आहे. एकाच पंपावर, त्याच बाजूस गाडी उभी करून टाकी भरावी, आणि नोझल प्रथम बंद होतांच थांबावें. पांच-सहा भरण्यांपर्यंत नोंद ठेवावी आणि शेवटीं एकूण मैलांस एकूण गॅलनांनीं भागावें. मधल्या भरण्यांत जें कमी पडलें तें पुढच्या भरणींत आपोआप भरून निघतें, आणि चूक उरते ती फक्त पहिल्या व शेवटच्या वेळची. १०० गॅलनांच्या हिशेबांत अर्धा गॅलन म्हणजे शेंकडा अर्धा. एवढी नोंद असेल तर डॅशबोर्डाच्या आंकड्यास खुशाल आव्हान द्यावें.

भागाकार करतांना आणखी एक चूक सुशिक्षितांच्याहि हातून होते. समजा, गाडी दहा मैल डोंगर चढली तेव्हां गॅलनला १० मैल पडले, आणि पुढचे दहा मैल सपाटीवर २० पडले. सरासरी १५ असें चटकन तोंडांत येतें. पण तें बरोबर नाहीं. पहिल्या टप्प्यांत एक गॅलन जळला, दुसऱ्यांत अर्धा. वीस मैलांस दीड गॅलन, म्हणजे गॅलनला १३.३ मैल. निरनिराळ्या भरण्यांचीं मायलेजें मिळवून त्यांची सरासरी काढणाऱ्यास म्हणूनच उत्तर कित्येकदां जरा गोड मिळतें.

अंतराची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पेट्रोलच्या बाबतींत पंप व संगणक हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. मैलांच्या बाबतींत मात्र दोन्ही हिशेबांचा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे चाक. अमेरिकेंत कित्येक हौशी मालक पिकअपला मूळच्यापेक्षां मोठे टायर चढवितात. ३१ इंची टायराच्या जागीं ३३ इंची टायर आला आणि संगणकास त्याची वर्दी दिली नाहीं, तर गाडी १०० मैल धांवली तरी नोंद सुमारें ९४ मैलांचीच होते. मग ‘नव्या टायरांनीं पेट्रोल खाल्लें’ अशी ओरड सुरूं होते. मोठ्या व जड टायरांस पेट्रोल अधिक लागतें हें खरें. पण त्या तुटींतला कांहीं भाग निव्वळ मोजणीचा असतो. डॅशबोर्ड आणि कागद येथें एकमेकांशीं जुळतात, आणि दोघेहि चुकतात! याची परीक्षा हमरस्त्यावरील मैलांच्या पाट्यांशीं किंवा उपग्रहावर चालणाऱ्या दिशादर्शकाशीं ताडून पाहूनच होऊं शकते.

नवी गाडी घेतांना कांचेवर मायलेजाची सरकारी चिठ्ठी चिकटविलेली असते, तिचा उपयोग नाहीं काय, असें कोणी विचारील. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ सालीं झालेल्या कायद्यानें या चिठ्ठीस बळकटी आली. तिच्यावरील आंकडे प्रयोगशाळेंत रुळांवर गाडी चालवून काढतात. ते रस्त्यावरच्या अनुभवाशीं जुळत नाहींत असें दिसून आल्यावर १९८५ च्या गाड्यांपासून शहरांतला आंकडा शेंकडा १० नें व हमरस्त्याचा शेंकडा २२ नें उतरविण्यांत आला. पुढें २००८ च्या गाड्यांपासून अधिक वेग, थंड हवा व वातानुकूलन यांच्याहि चांचण्या जोडण्यांत आल्या. तरीहि ती चांचणी हौद्यांत माल भरलेल्या वा मागें ट्रेलर जोडलेल्या गाडीची नव्हे. आणि विशेष हें कीं, मालासह ज्यांचें कमाल वजन ८,५०० पौंडांहून अधिक ठरविलें आहे अशा जड पिकअपांस ही चिठ्ठी लावीतच नाहींत. ज्या गाड्या सर्वांत अधिक पेट्रोल वा डिझेल पितात, त्यांच्याच मालकांस डॅशबोर्ड आणि आपली वही यांखेरीज तिसरा आधार नाहीं.

या आंकड्यावर काय अवलंबून असतें तें युटा राज्यांतल्या एका रस्त्यावर चांगलें कळतें. ग्रीन रिव्हर हें गांव सोडून इंटरस्टेट ७० या हमरस्त्यानें पश्चिमेस सॅलिना गांवाकडे निघालें कीं, १०० मैलांहून अधिक अंतरांत पेट्रोलपंप लागत नाहीं. वाट उजाड खडकाळ प्रदेशांतून ७,००० फुटांहून अधिक उंचीवर चढते. समजा, एखाद्या मालकाच्या टाकींत आठ गॅलन उरले आहेत. आदल्या दिवशीं रिकामी गाडी गॅलनला २० मैल चालली, म्हणून डॅशबोर्ड सांगतो, अजून १६० मैल जातां येईल. आज मात्र मागें जड ट्रेलर आहे, समोर चढ आहे, आणि गाडी गॅलनला १० मैलांवर आली आहे. आठ गॅलनांत ८० मैल. आणि पुढचा पंप तर शंभराच्या पलीकडे! झालेल्या प्रवासाचा हिशेब सांगतांना यंत्र शेंकडा दोन-पांच चुकत असेल. होणाऱ्या प्रवासाचें भाकित करतांना तें निम्म्यानें चुकूं शकतें. उरलेल्या मैलांचा आंकडा कालच्या रस्त्यावरून काढलेला असतो, उद्यांचा रस्ता त्यास ठाऊक नसतो.

रोजच्या धंद्यांतहि ही चूक लहान राहत नाहीं. वर्षाला १५,००० मैल फिरणाऱ्या एखाद्या सुताराची पिकअप वस्तुतः गॅलनला १५ मैल देते, आणि डॅशबोर्ड दाखवितो १६. त्याला वाटतें वर्षाला साडेनऊशेंहून कमी गॅलन लागतील. लागतात पुरते १,०००. कामाचे दर त्या चुकीच्या आंकड्यावर बांधले तर साडेबासष्ट गॅलनांचे पैसे त्याच्या पदरचे जातात. हीच शेंकडेवारीची चूक गॅलनला ४० मैल देणाऱ्या लहान मोटारींत झाली असती तर नुकसान साडेतेवीस गॅलनांच्या आंत राहिलें असतें. मायलेजाचा आंकडा या बाबतींत फसवा आहे, ही गोष्ट ड्यूक विद्यापीठांतील रिचर्ड लॅरिक व जॅक सोल या अभ्यासकांनीं २००८ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत दाखवून दिली. १२,००० मैलांस ३० चें मायलेज ४० झालें तर १०० गॅलन वांचतात. १० चें १२ झालें तर २०० वांचतात. म्हणून २०१३ च्या गाड्यांपासून अमेरिकन चिठ्ठीवर १०० मैलांस किती गॅलन लागतात हाहि आंकडा छापला जाऊं लागला.

यंत्राचा आंकडा कायद्याच्या कक्षेंत आणण्याचा प्रयत्न युरोपांत झाला आहे. युरोपीय संघांत २०२१ पासून नव्या मोटारींत जळलेल्या इंधनाची नोंद ठेवणारी व्यवस्था सक्तीची झाली, आणि तिची चूक शेंकडा पांचांहून अधिक असूं नये असें बंधन घातलें गेलें. त्या नोंदींच्या आधारें युरोपीय आयोगानें २०२४ सालीं जाहीर केलें कीं, पेट्रोल-डिझेलच्या मोटारी प्रयोगशाळेंतल्या आंकड्यापेक्षां रस्त्यावर शेंकडा सुमारें २० अधिक इंधन घेतात. म्हणजे डॅशबोर्डाआडची नोंद थोडी चुकत असली तरी विक्रीच्या कागदावरील आंकड्याहून ती सत्याच्या पुष्कळ जवळ होती.

तेव्हां डॅशबोर्डावरचा आंकडा टाकून द्यावा असें मुळींच नाहीं. काल व आज यांची तुलना करण्यास, वेग थोडा कमी केला तर काय वांचतें तें पाहण्यास, किंवा मायलेज अकस्मात् घटलें तर गाडींत बिघाड आहे हें ओळखण्यास तो उत्तम आहे. कारण त्याची चूक बहुधा एकाच बाजूस व एकाच प्रमाणांत असते. वहींतल्या हिशेबानें तें प्रमाण एकदां ठरविलें कीं पुढें वजावट करून तो आंकडा खुशाल वापरावा. मुंबई-पुण्याच्या घरांत टाकी फुल्ल करून ‘ॲव्हरेज’ काढण्याची चाल जुनीच आहे. मैलांऐवजीं किलोमीटर आणि गॅलनांऐवजीं लिटर घातले कीं हीच रीत तेथेंहि तंतोतंत लागू पडते. फक्त ती एका भरणीवर न थांबवितां पांच-सहा भरण्यांपर्यंत नेली पाहिजे. गाडीनें सांगावें, पंपानें त्याची साक्ष द्यावी, आणि निकाल मात्र घरांतल्या वहीनें करावा.