जुनी जीप कीं नवी मोटार?

श्रोतेहो, माझा आजचा विषय पाहून आपणांस किंचित् नवल वाटेल. ज्या माणसाचें सारें आयुष्य फळा, खडू आणि हजेरीपट यांच्या सहवासांत गेलें, त्या मॅट्रिक शिकलेल्या मास्तरानें मोटारगाड्यांविषयीं काय बोलावें? परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या कडेकपारींत राहणाऱ्या माणसाला गाडी ही चैनीची वस्तु नसते. ती बैलाच्या जागीं आलेली असते. आणि म्हातारा झालेला बैल ठेवावा कीं विकावा, हा प्रश्न आमच्याकडे कधींच सोपा नव्हता. त्याच जातीचा एक प्रश्न मला गेल्या वर्षभर छळीत होता. तो मी कसा सोडविला, आणि सोडवितांना माझी स्वतःची कोणती चूक मला सांपडली, तें आज सांगणार आहें.

प्रथम आमचा मुलूख कसा आहे तें थोडक्यांत सांगतों. एका अंगानें मुंबई-आग्रा रस्ता शहापूर, खर्डी, कसारा असा नाशिककडे चढतो. दुसऱ्या अंगानें कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत दुसरा रस्ता माळशेज घाटाला भिडतो. या दोन रस्त्यांच्या मध्यें भातसा, काळू, शाई या नद्या, किन्हवली-डोळखांबचा डोंगराळ भाग आणि सह्याद्रीच्या पायथ्याशीं विखुरलेले ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. १८९२ सालीं बांधून झालेल्या तानसा धरणापासून आमचा तालुका मुंबईला पाणी पाजीत आला आहे, आणि उन्हाळ्यांत आमच्याच कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. रस्त्यांचेंहि तसेंच आहे. २००० सालीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हांपासून पुष्कळ गांवें डांबरी सडकेला जोडलीं गेलीं. २०२५ सालच्या जूनमध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा आमच्या तालुक्यांतून खुला झाला. परंतु डांबरी सडक जेथें संपते तेथून पाड्यापर्यंतची शेवटची दोन-तीन कोसांची वाट मात्र आषाढ-श्रावणांत अजूनहि चिखल, दगड आणि ओढे यांचीच असते.

त्या शेवटच्या वाटेसाठीं जीप जन्माला आली, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन लष्कराला चिखलांतून चालणारी हलकी गाडी हवी होती. १९४० सालीं बँटम नांवाच्या एका लहानशा कारखान्यानें पहिला नमुना करून दिला. पुढें विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनीं मिळून लाखों गाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडे १९४५ सालीं लुधियाना येथें महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनीं एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ सालीं त्या कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. याच कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत विलिस जीपचे सुटे भाग जोडण्यास प्रारंभ केला. चारी चाकांना इंजिनाचें बळ, उंच पोट, आणि हातोडी-पान्यानें खेड्यांतहि दुरुस्त होईल असा साधेपणा, हे तिचे तीन गुण. आमच्या बाजूला वनखात्याच्या आणि धरणाच्या साहेबांबरोबर ती आली आणि पुढें इथलीच होऊन गेली.

माझी जीप १९९० सालची, डिझेल इंजिनाची. २०१६ सालीं सेवानिवृत्त झालों तेव्हां भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून ती मीं जुनीच विकत घेतली. हेतु असा होता कीं भाताचें बियाणें, खत आणि भेंडीच्या पाट्या वाहाव्यात. पण एके रात्रीं पाड्यावरचा एक तापकरी मुलगा तींतून सडकेपर्यंत नेला, आणि त्या दिवसापासून ती गाडी माझी एकट्याची राहिली नाहीं. २०१४ पासून आपल्या राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे; ती डांबरी सडकेवर येऊन उभी राहते. पाड्यापासून त्या सडकेपर्यंतचा सहा किलोमीटरचा तुकडा माझ्या जीपच्या वांट्यास आला.

२०२४ सालच्या श्रावणांतली गोष्ट. रात्रीं दहाचा सुमार. पाड्यावरची एक पहिलटकरीण अडली होती. तिला, तिच्या सासूला आणि आशाताईंना घेऊन मी निघालों. ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर ब्रेकवर पाय दिला, तों तो थेट तळाला गेला. दुसऱ्यांदा दाबला, तेंच. त्या गाडीची रचना अशी कीं चारी चाकांच्या ब्रेकना एकाच पंपांतून, एकाच वाटेनें तेल जातें. एक नळी फुटली कीं चारी चाकें मोकळीं. गाडी खालच्या गिअरमध्यें होती म्हणून वेग बेताचा होता. मीं ती डाव्या बाजूच्या दरडीला घासली, हातब्रेक ओढला, आणि ओढ्यापासून दहा पावलांवर ती थांबली. कोणालाहि इजा झाली नाहीं. पाड्यावरचे चार गडी धांवत आले. एका घोंगडीला कुंपणाचा वासा घालून त्यांनीं त्या मुलीला उचललें आणि भर पावसांत तीन किलोमीटर चालून सडकेवर पोहोंचविलें. पहांटे शहापूरच्या सरकारी रुग्णालयांत तिला मुलगी झाली. दोघीहि सुखरूप आहेत.

चार दिवसांनीं तिच्या आजेसासऱ्यानें मला जें म्हटलें तें मी विसरूं शकत नाहीं. तो म्हणाला, “गुरुजी, गाडी नव्हती तवा आमी डोलीनं नेतच व्हतो. पर तुमची गाडी आली, आन् आमी डोलीचं बांबू मोडून चुलींत घातलं.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. गाडी नसती तर त्यांनीं डोली तयार ठेवली असती. माझ्या गाडीनें त्यांच्याजवळची सोय काढून घेतली होती, आणि त्या बदल्यांत जो भरवसा दिला होता तो त्या रात्रीं पोकळ ठरला.

कल्याणला राहणारा माझा मुलगा धांवत आला. तो म्हणाला, “बाबा, आतां पुरे. नवी घ्या. त्या जीपवर तुम्ही माया करतां. ती तुमच्यावर करीत नाहीं.” त्याचें म्हणणें निराधार नव्हतें. २०१९ सालापासून आपल्या देशांत नव्या मोटारींना चाकें अडकूं न देणारा ब्रेक आणि चालकासमोर हवेची उशी सक्तीची झाली. शेजारी बसणाऱ्यासाठींहि पुढें तशी सक्ति आली. माझ्या जीपमध्यें यांतलें कांहींच नाहीं. शिवाय तिच्या नोंदणीची मुदत २०२५ सालीं संपत होती. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. त्याचें शुल्क हलक्या मोटारीस पूर्वीं ६०० रुपये होतें. एप्रिल २०२२ पासून ५,००० झालें आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील गाड्यांना १०,००० झालें. सरकारच जणूं विचारीत होतें, “मास्तर, अजून किती दिवस?”

मीं गणित मांडलें. माझ्या वहींतील नोंदीप्रमाणें गाडी वर्षाला सुमारें ४,००० किलोमीटर चालते. लिटरला दहा किलोमीटर आणि डिझेलचा भाव ९० रुपये धरला, तर ३६,००० रुपये इंधनाचे. नवी गाडी लिटरला चौदा किलोमीटर चालली, तर सुमारें १०,००० रुपये वांचतील. दुरुस्तींत आणखी २८,००० वांचतील. एकूण बचत ३८,०००. आतां दुसरी बाजू. चारी चाकें ओढणारी नवी गाडी सर्व करांसह १३ लाखांस पडेल असें धरलें. त्या रकमेवर आठ टक्क्यांनीं येणारें व्याज १,०४,००० रुपये दरसाल बुडालें. दहा वर्षांनीं तिचे चार लाख आले, तर दरसाल ९०,००० रुपयांची झीज. म्हणजे १,९४,००० जातात आणि ३८,००० वांचतात. दरवर्षीं दीड लाखाहून अधिक तोटा. विम्याचा वाढीव हप्ता वेगळाच.

परंतु हें गणित पाहून मला समाधान वाटलें नाहीं. त्या मुलीचा जीव कोणत्या रकान्यांत लिहावयाचा? दीड लाखानें जर ती रात्र टळणार असेल, तर दीड लाख कांहीं फार नव्हे, असें मन सांगूं लागलें. माझी पत्नी मात्र म्हणाली, “अहो, म्हशाच्या यात्रेंत बैल घेतांना तुम्ही नुसते दांतच पाहतां का?”

मुरबाडजवळच्या म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तेथील बैलबाजार प्रसिद्ध आहे. जाणता शेतकरी तेथें बैलाचे दांत पाहून वय ठरवितो. पण तेवढ्यावर सौदा करीत नाहीं. तो बैल चालवून पाहतो, खूर पाहतो, खांदा दाबून पाहतो. मीं माझ्या जीपचे नुसते दांत मोजले होते. म्हणून शहापूरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे ती नेली आणि त्यांना म्हटलें, “हिचा खांदा पाहा.”

जुनी गाडी ठेवावी कीं टाकावी याची खरी परीक्षा मला तेथें समजली. इंजिन, गिअर, कमानी हें सर्व बदलतां येतें. बदलतां येत नाहीं तो गाडीचा सांगाडा. आमच्या पावसांत लोखंड आंतून कुजतें आणि वरचा रंग शाबूत राहतो. मिस्त्रींनीं दोन्ही तुळया हातोडीनें ठोकल्या. घट्ट लोखंड खणखणतें, कुजलेलें भदभद वाजतें. जेथें कमानींचे जोड आणि चिखल साचण्याच्या जागा आहेत तेथें त्यांनीं टोकदार टोचा दाबून पाहिला. तो आंत शिरला असता तर गाडी त्याच दिवशीं मोडींत गेली असती. डाग लावून जोडलेल्या सांगाड्यावर माणसें बसवूं नयेत, असें ते म्हणाले. सांगाडा खणखणीत निघाला. मग त्यांनीं फुटलेली नळी माझ्या हातावर ठेवली. ती गंजून कागदासारखी झाली होती. “गुरुजी, ही कधीं बदललीत?” त्यांनीं विचारलें.

मीं ती कधींच बदलली नव्हती. श्रोतेहो, आदल्याच वर्षीं मीं त्या जीपला नवा रंग आणि नव्या गाद्या यांवर २६,००० रुपये खर्च केले होते. नळीची किंमत कांहीं शें रुपये होती. चाळीस वर्षें मुलांना मी सांगत आलों कीं अक्षर सुंदर असो वा नसो, उत्तर बरोबर हवें. आणि स्वतः मात्र सुंदर अक्षरांत चुकीचें उत्तर लिहून बसलों होतों. त्या रात्रीचा अपराध गाडीच्या वयाचा नव्हता, माझ्या दुर्लक्षाचा होता. हेंच दुर्लक्ष मीं नव्या गाडीकडे केलें असतें, तर दहा वर्षांनीं तीहि त्याच उतारावर उभी राहिली असती.

मग मीं प्रश्नच निराळा मांडला. जुनी कीं नवी हें मागून; या गाडीनें नेमकें कोणतें काम करावयाचें आहे? वही पुन्हां पाहिली. चार हजारांपैकीं तीन हजार किलोमीटर मी डांबरी सडकेवर हिंडलों होतों, जेथें एस्.टी. किंवा आसनगांवची लोकल मला अधिक सुखरूप नेते. जीपची खरी गरज उरलेल्या हजारांत होती, आणि तेथें वेग ताशीं पंधरा-वीस. नव्या डिझेल गाड्यांना, एप्रिल २०२० च्या धूर-नियमांनंतर, काजळी अडविणारी चाळणी बसविलेली असते. ती चाळणी जळून साफ होण्यास गाडी कांहीं वेळ सलग वेगानें चालावी लागते. सहा किलोमीटरच्या संथ खेपांत ती तुंबते. नियम चांगलाच आहे. पण माझें काम त्या गाडीच्या प्रकृतीला मानवणारें नव्हतें.

तेव्हां मीं जीप ठेवली. ब्रेकच्या सर्व नळ्या बदलल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळें तेल देणारा दुहेरी पंप बसविला, म्हणजे एक वाट फुटली तरी दुसरी धरील. सर्व बैठकांना पट्टे लावले. मुलाचें म्हणणेंहि अर्धें मान्य केलें: महामार्गावर ही जीप आतां जाणार नाहीं, कारण तेथें तिचें वय खरोखरच आड येतें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पाड्यावरचे दोन परवानाधारक तरुण गाडीखालीं शिरून नळ्या आणि तेल पाहतात व वहींत सही करतात. आणि शाळेच्या ओसरीवर दोन नवे बांबू आणि एक जाड चादर कायमची ठेवली आहे. ती डोली आम्हीं पुन्हां बांधली. नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढविली आहे, आणि हीच शेवटची, असें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलें आहे. मध्यंतरीं टोचा कोठें आंत शिरला, तर तेवढीहि वाट पाहावयाची नाहीं. ती अधिकृत मोडकेंद्रांत जाईल आणि पोस्टांत ठेवलेले पैसे कामीं येतील.

माझें उत्तर तेंच आपलें असावें असा माझा आग्रह नाहीं. ज्याची गाडी रोज महामार्गावर धांवते, ज्याचा सांगाडा कुजला आहे, त्यानें जुन्याचा मोह धरूं नये. परंतु निर्णय घेण्यापूर्वीं गाडीखालीं एकदां अवश्य शिरावें. मी आठ वर्षें वरूनच पाहत राहिलों. त्या रात्रीं जन्मलेली मुलगी आतां चालूं लागली आहे. जीपच्या चाकाला धरून ती उभी राहते, तेव्हां मला त्या नळीची आठवण होते, आणि मी वही उघडून या महिन्याची सही पाहतों.