आधी कुजवा, मग पाजा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेवर विषय छापलाय 'आमरीसाठी घरगुती नैसर्गिक खते'. आत येताना दारातच काही भगिनींनी मला गाठलं आणि विचारलं, केळीच्या साली किती दिवस भिजवायच्या? म्हणजे साली ठरलेल्याच आहेत, फक्त दिवस ठरायचे राहिलेत. (हशा) तेव्हा पहिल्यांदाच सांगून टाकतो, आमरीसाठी भिजवूच नका. का नको, एवढं एकच सांगायला मी आलोय.

आमरी, म्हणजेच ऑर्किड, बांडगूळ नव्हे, ती झाडावर राहते पण झाडाचं खात नाही, हे कोकणातल्या माणसांपुढे सांगायला नको. सीतेची वेणी ही आमरी आंब्या-फणसावर तुम्ही लहानपणापासून बघताय. जाती किती, परागण कसं होतं, त्यावर डार्विननं १८६२ मध्ये अख्खं पुस्तक कसं लिहिलं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. सरळ मुळांवर येऊ.

हे रोप पुढच्या रांगांना दिसेल. पावसात मोडून पडलेल्या फांदीवरची ही सीतेची वेणी आहे. हवेत लोंबणारं हे मूळ बघा. वरपासून खालपर्यंत रुपेरी पांढरं आणि टोकाला तेवढं हिरवं. आता यावर पाणी फवारतो. थांबा... दिसलं? पांढरं होतं ते हिरवं व्हायला लागलं. मागच्यांना दिसलं नसेल तर नंतर पुढे येऊन बघा, मी पुन्हा दाखवीन. मुळावरचा हा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडा असताना या पेशींत हवा भरलेली असते म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी शिरलं की तो पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं मूळ दिसायला लागतं. जिवंत टोकावर हा थर अजून तयार झालेला नसतो. टोक हिरवं आहे म्हणजे मूळ वाढतंय, आणि मूळ वाढत असेल तेव्हाच खताचा विचार करायचा.

जावा बेटावरच्या जंगलातल्या, झाडांवर राहणाऱ्या अशा वनस्पतींचा अभ्यास केलेले फ्रिट्स वेंट यांनी १९४० मध्ये एक विचार मांडला. पावसाची सर आली की फांद्यांवरून, खोडावरून ओघळणारं पहिलं पाणी सकस असतं. नंतरचं जवळजवळ कोरं. व्हेलामेन ते पहिलं पाणी पकडतो आणि धरून ठेवतो. हे बरीच वर्षं अनुमानच होतं. २०१३ मध्ये झोट्झ आणि विंकलर या संशोधकांनी मुळांवर प्रयोग करून त्याला पुरावा दिला. हा थर भरभर पाणी पितो आणि त्यातले क्षार धरून ठेवतो.

आता मला सांगा, त्या पहिल्या पाण्यात काय असतं? सालीच्या भेगांत कुजलेला पालापाचोळा, पाखरांची विष्ठा, मुंग्यांनी वर नेलेली माती, धूळ, शेवाळ. हे सगळं महिनोन् महिने तिथे कुजत पडलेलं असतं आणि पाणी त्याचा अर्क घेऊन खाली येतं. कच्चं असं त्यात फारसं काही नसतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

उलट आपण काय करतो? कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरतो, त्यात रोप बसवतो आणि वर तांदळाचं धुवण ओततो. शेतात माती हे पोट असतं. तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात, पेंड घाला, शेण घाला, ते फोडून त्याचं नत्र पिकाला घेता येईल असं करून देतात. आमरीच्या कुंडीला हे पोट नाही. धुवणातला स्टार्च मुळं खाऊ शकत नाहीत. तो कोळशावर आणि मुळांवर बसतो, बुळबुळीत होतो, चिलटं येतात, सोडणं लवकर कुजतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. (श्रोत्यांतून: 'आमच्याकडे फुलं येतात!') येतात ना, ताई. धुवण घालायच्या निमित्तानं तुम्ही रोज कुंडीपाशी जाता, रोप बघता, पाणी वेळेवर पडतं. फुलं त्याची आहेत. (हशा) तुमचा हात चांगला आहे, त्या हाताला थोडं चांगलं खत द्या एवढंच मी म्हणतोय.

केळीच्या सालीचं सांगतो, कारण तिच्याबद्दल सगळ्यांना फार जिव्हाळा आहे. सालीत पालाश आहे, ते पाण्यात उतरतं, हे खरं. पण नवीन पानं काढणाऱ्या रोपाला आधी नत्र लागतं आणि ते त्या पाण्यात नावापुरतं असतं. वर साखर उतरते ती वेगळीच. साल कंपोस्टात टाका, कंपोस्टातून ती आमरीकडे जाऊ दे. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साध्या पाण्यात महिनाभर ठेवली तरी ती जवळजवळ तशीच राहतात. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना तर तो चुना नकोच आहे. पावसाचं पाणी साठवून वापरत असाल तर मात्र त्यात चुना नसतो. तेव्हा टरफलं व्हिनेगरमध्ये टाका, पूर्ण फसफसून शांत झाली की गाळा आणि त्यातला चमचाभर लिटरभर पाण्यात घाला. मासे धुतलेलं पाणी? कढीपत्त्याला जरूर घाला. आमरीला घातलंत तर मांजर कुंडी ठेवणार नाही. (हशा)

जीवामृताबद्दल चिठ्ठी आलीये, थोडी रागावलेली दिसते. 'आपण पाळेकरांच्या विरोधात आहात काय?' अजिबात नाही. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं जीवामृत बघा. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. एकराला एवढं पुरतं, कारण ते पिकाचं जेवण नाही. ते मातीतल्या जिवाणूंना जागं करायला आहे, आणि गूळ-बेसन त्यांच्यासाठी आहे. जिथे माती आहे तिथे ते काम करतं. विटांच्या तुकड्यांवर ओतलं तर जागं कोण होणार? सांगणाऱ्यानं ते शेतासाठी सांगितलं, आपण ते कोळशाच्या कुंडीत नेलं.

गुळाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. लांबेल, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. नोएल बर्नार नावाचा पंचविशीतला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ, सैनिकी सेवेत असताना, १८९९ च्या मे महिन्यात फाँतेनब्लोच्या जंगलात हिंडत होता. आमरीचं बी कसं असतं? धुळीसारखं, एका बोंडात हजारो-लाखो. त्यात शिदोरी नावाची गोष्टच नाही. वालाच्या बीला दोन डाळिंब्या असतात, नारळात खोबरं असतं, आमरीच्या बीत काही नाही. म्हणून युरोपातल्या माळ्यांना ती बियांपासून वाढवताना घाम फुटत असे. बर्नारला काय सापडलं? पाचोळ्याखाली गाडला गेलेला आमरीचा एक जुना फुलोरा, आणि त्यातल्या बोंडांत रुजलेलं बी! त्यानं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक रुजलेल्या बीत बुरशीचे धागे शिरलेले. बुरशी बाहेरचं अन्न फोडून आत आणते आणि बी त्यावर वाढतं. बर्नार १९११ मध्ये गेला, चाळिशीही गाठली नाही, पण आमरीला जन्माच्या पहिल्या घासापासून दुसऱ्यानं फोडून दिलेलं अन्न लागतं, हे त्यानं जगाला दाखवून दिलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. आपल्याकडे बागकामाच्या वर्गांत त्याचं नावही घेत नाहीत, याचं वाईट वाटतं.

पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नुडसन यांनी बुरशीच्या जागी साखर दिली. बाटलीत क्षार, अगार आणि साखर, त्यावर बी, आणि बी रुजलं. (श्रोत्यांतून: 'मग गूळ चालेल की!') हे कोणीतरी म्हणणार याची मला खात्रीच होती. ती बाटली निर्जंतुक केलेली असते. तिच्यात हवेतल्या बुरशीचा एक कण शिरला तर साखर त्या बुरशीची होते आणि बी मरतं. तुमची गॅलरी निर्जंतुक आहे का? नाही. मग कुंडीतला गूळही बुरशीचाच. शहाळ्याच्या पाण्याचंही हेच. प्रयोगशाळेत आमरीच्या बाटल्यांत ते घालतात, त्यात वाढीला चालना देणारी द्रव्यं असतात. पण बाटलीत. घरी शहाळं तुम्ही प्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे, 'दहा मिनिटे'. मला वाटलं अजून निम्मा वेळ आहे. मग परागणासारखंच कीड-रोगांचंही सोडतो, कृतीवर येतो.

चांगलं मुरलेलं गांडूळखत घ्या, वास मातीचा आला पाहिजे, शेणाचा येत असेल तर ते कच्चं आहे. नसेल तर आंब्याखालचा काळा झालेला पालापाचोळा घ्या. दोन मुठी एका जुन्या सुती फडक्यात पुरचुंडी बांधून बादलीभर पाण्यात रात्रभर सोडा, अधूनमधून हलवा, सकाळी गाळा. मग पातळ करा. काचेच्या पेल्यात घेऊन पलीकडे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तर बरोबर, नाही तर आणखी पाणी घाला. त्याच दिवशी वापरून टाका. शेंगदाण्याची पेंड घालायचीच असेल, आणि नत्र तिच्यात भरपूर आहे, तर ती आधी कंपोस्टात मुरू दे. गोमूत्र पन्नास पट पाण्यात, त्याहून दाट मी देत नाही, त्यात क्षार फार असतात.

आणि कधी द्यायचं? पुस्तकं सांगतात, आधी साधं पाणी, मग खत. दाट रासायनिक खतासाठी ते योग्य आहे, कोरडं मूळ जळू नये म्हणून. पण हे पाणी इतकं पातळ आहे की ते कोरड्या, पांढऱ्या मुळांवरच द्या. ती पावसाची पहिली सर समजा. आठवड्यातून एकदा हे, इतर वेळी साधं पाणी, म्हणजे क्षार साठत नाहीत.

(श्रोत्यांतून: 'रासायनिक अजिबात नको का?') तसं मी म्हटलेलं नाही, कृपा करून तसं बाहेर सांगू नका. मुळाला नायट्रेट कुठून आलं ते कळत नाही. १९:१९:१९ हे खत लिटरला अर्धा ग्रॅम घातलंत तर त्यात ९५ मिलिग्रॅम नत्र झालं, तेवढं पुरे. ते मुळात फोडलेलंच अन्न आहे, म्हणून चालतं. माझं भांडण कच्च्याशी आहे.

हात वर झालेत, पण एकच प्रश्न घेता येईल. तिकडचे काका? ...घरच्या कलमावर सीतेची वेणी आहे, तिला काय घालू? काही घालू नका. आंबाच तिचं सगळं बघतो. फक्त खोडाला बोर्डो पेस्ट लावाल तेव्हा गड्याला आधी दाखवून ठेवा, तिच्या मुळांच्या वर आणि खाली हातभर जागा सोडायची. त्या पेस्टमधल्या मोरचुदातलं तांबं पावसानं वरून ओघळत तिच्या मुळांवर येतं, आणि तीच मुळं पहिलं पाणी धरून ठेवणारी आहेत. शेवाळही खरवडू नका. कलमाची खतं नेहमीसारखी खाली आळ्यात घाला. आता फुलायचे दिवस आलेत, दांडा निघाला असेल तर फांदी छाटायचीही घाई करू नका, पाऊस सरल्यावर बघा.