जुनी जर्मन छर्ऱ्याची बंदूक : ओळख आणि मोल

जुन्या घराचा माळा झाडायला काढला, की मोडक्या ग्रामोफोनच्या जोडीला एखादे वेळी छर्ऱ्याची बंदूकही खाली येते. नळीवर गंज, दस्त्यावर बोटभर धूळ. भंगारवाला ती वजनावर मागतो आणि शहरातला दलाल तीच ‘हिटलरच्या वेळची जर्मन’ म्हणून भारी दामाने पुढे विकतो. खरं मोल या दोघांच्या मधे कुठं तरी असतं. ते कळायला नेमबाज असावं लागत नाही. लोखंडावरची अक्षरं वाचता आली की पुरे. गावात अशी वस्तू निघाली, की ती ‘मास्तर, यावर काय लिहिलंय बघा’ म्हणून आपल्या शिक्षकांकडेच येते. तेव्हा त्यांनी जरा कान देऊन ऐकावं.

वाचण्याआधी एक पथ्य सांभाळा. या बंदुकीत दारू नसते. नळी मोडून खाली ओढली, की आतला दट्ट्या मागे जातो आणि दणकट स्प्रिंग दबून बसते. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि दाबलेली हवा छर्रा ढकलते. नळी मोडलेली असताना चाप ओढलात तर नळी फटक्यासरशी वर येते. बोटं चेचतात, नळीही वाकते. तोंड भिंतीकडे ठेवा, मुलांना दूर बसवा आणि मगच चष्मा लावा.

आता पाहा, नळीच्या मागच्या जाड भागावर एक बाई कोरलेली दिसते का? हात उंचावून तिनं बंदूक धरली आहे आणि धनुष्यबाण टाकून दिले आहेत. ही रोमन लोकांची मृगयेची देवता, डायाना. राश्टाट गावी १८९० साली मायर आणि ग्रामेलश्पाखर या दोघांनी कारखाना काढला; त्याची ही खूण. बाई दिसली म्हणजे जर्मन माल, असं मात्र लगेच धरू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर राश्टाट फ्रेंचांच्या ताब्यात होतं. कारखान्याची यंत्रं आणि ‘डायाना’ हे नाव ब्रिटनकडे गेलं आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेल गावी मिलब्रो कंपनी त्याच नावाच्या बंदुका बनवू लागली. पुढं १९५० च्या सुमारास राश्टाटचा कारखाना पुन्हा उभा राहिला, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना! तिथं त्याचा माल ‘ओरिजिनल’ या नावानं विकला जाई. मिलब्रोचा कारभार १९८२ साली आटोपला, त्यानंतर ते नाव मूळ घरी परत आलं. म्हणून चित्र पाहून थांबू नये, खालची ओळ वाचावी. ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ असेल तर ती डायाना स्कॉटलंडची. उलट देवतेचा पत्ता नसलेली बंदूकही राश्टाटची असू शकते. अमेरिकेत याच कारखान्याच्या बंदुका विंचेस्टर आणि हाय-स्कोर या नावांनी खपल्या.

काळ ओळखायचा तर देशाचं नाव पाहा. ‘वेस्ट जर्मनी’ असं असेल तर बंदूक १९४९ नंतरची, मग दलालानं हिटलरची शपथ घेतली तरी. डी. आर. पी. ही अक्षरं म्हणजे जर्मन राइखचं पेटंट. ती १९४५ पूर्वीच्या काळाकडे बोट दाखवतात. पंचकोनात इंग्रजी ‘एफ’ असेल तर ती १९७० नंतरची, कारण साडेसात जूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या हवाई बंदुकांसाठी जर्मन कायद्यानं ती खूण तेव्हापासून घातली. युद्धोत्तर डायानावर पुष्कळदा महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडेही ठोकलेले असतात. ‘१० ६३’ म्हणजे ऑक्टोबर १९६३. तो अनुक्रमांक समजून सोडून देऊ नका.

दुसरी घराणीही आहेत. झूल गावच्या हेनेल कारखान्याची ‘३३’ क्रमांकाची बंदूक लष्करी माउझरसारखी दिसते आणि तिच्यात एकामागून एक छर्रे भरायची सोय आहे. ती ह्यूगो श्माइसरची कल्पना. अशी अखंड सापडली तर चांगलं मोल येतं. वाइराउख यांचं घराणं मूळचं त्सेला-मेहलिसचं. युद्धानंतर ते बव्हेरियात मेलरिखश्टाटला आलं. त्यांची ‘एचडब्ल्यू ३५’ उत्तम, पण दुर्मिळ म्हणता येणार नाही. डायाना २७ चंही तेच. दशकानुदशकं निघालेली बंदूक जुनी म्हणून महाग होत नाही.

आणि इथंच आपली माणसं घात करून घेतात. पाहुणा पाहायला येणार म्हणून काचकागद घेऊन नळी चांदीसारखी चकचकीत करतात! त्याबरोबर निळसर-काळा मूळ रंग जातो, ठसे पुसट होतात, आणि जाणत्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच हवं असतं. आतलं कातडी वायसर किंवा स्प्रिंग बदललेली चालते, ती झिजणारच. मूळ माशी, मूळ स्क्रू आणि दस्ता मात्र जपा. तेलाच्या फडक्यानं हलकेच पुसलं की झालं. भाव ठरवताना मागितलेली किंमत धरू नका. तसाच नग लिलावात खरोखर कितीला गेला ते पाहा.

आणखी एक. नळीवर ‘४,५’ किंवा ‘५,५’ असतं. जर्मन लोक दशांशाच्या जागी स्वल्पविराम घालतात. आपल्याकडे साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. म्हणजे ‘५,५’ दिसलं तर व्यवहाराची बोलणी करण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारावं. आणि पाखरांवर नेम धरून ‘चालते का’ हे पाहू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार होते. पुठ्ठ्याचं लक्ष्य पुरे आहे, तेही मागे मातीचा ढीग असेल तर. सगळे ठसे एका कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्या, अक्षर लागलं नाही तर तिथं जागा मोकळी सोडा, आणि तो कागद बंदुकीबरोबर ठेवा.