नाव जागेचे की वस्तूचे?



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत झाले. असा माणूस संगणकावर बोलायला उभा राहिला याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय आमच्या ओळखीचा आहे. तो नावाचा आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली आमच्या कचेरीत चालते. यंत्र सुरू झाले की ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने ती त्यांना नावे देते: एसडीए, एसडीबी, एसडीसी. म्हणजे सकाळी गेटावर रांगेत जो पुढे, तो एक नंबर! रांग बदलली की नंबर बदलला.

आमच्या एका डिस्कवर कंत्राटी कामगारांच्या हजेरीच्या कागदांच्या प्रती होत्या. दुसरी, एसडीबी, रिकामी होती. तिसरी जोडून आम्ही यंत्र पुन्हा सुरू केले आणि एसडीबी पुसण्याचा हुकूम सोडला. काल त्या नावाने रिकामी डिस्क होती, आज हजेरी होती. हुकूम बिनतक्रार पाळला गेला. पुढे दोन महिने आम्ही कामगारांच्या दारोदार कागद मागत फिरलो. काहींचे मिळालेच नाहीत, आणि कागदावाचून त्यांची नोकरी सिद्ध कशी करावी? चूक यंत्राची नव्हे, आमची. रांगेतल्या जागेचे नाव आम्ही वस्तूचे समजलो.

यावर उपाय आहे. २००३ साली आलेली यूडेव्ह ही व्यवस्था डिस्कची खरी ओळख वाचून तिला टिकाऊ नावही देते. एक ओळख कारखान्यातून येते: बनावट आणि अनुक्रमांक. दुसरी यूयूआयडी: डिस्कचा भाग फॉरमॅट करताना त्यावर लिहिला जाणारा, ३२ अक्षर-अंकांचा क्रमांक. रोजच्या जोडणीच्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, हा क्रमांक लिहावा. मग डिस्क रांगेत कुठेही उभी राहो, ती चुकत नाही.

मात्र आंधळा विश्वास येथेही नको. पुन्हा फॉरमॅट केले की हा क्रमांक बदलतो. डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दोहोंवर तोच क्रमांक येतो. म्हणून पुसण्यापूर्वी कारखान्याचा अनुक्रमांक डिस्कवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहावा.

मुकादमाने नंबर पुकारला तरी पगार देताना माणूस ओळखूनच द्यावा लागतो. एवढे ध्यानात ठेवाल तर आमचे दोन महिने वाया गेले नाहीत असे आम्ही समजू.