खतन्यापासून गुडघ्यापर्यंत



मी डॉक्टर नाही, हिमोफिलियाचा रुग्ण आहे. चार वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा बदलला. त्याबद्दल बोलायला मला बोलावलंत, आभारी आहे.

माझा आजार कळला तो खतन्याच्या वेळी. तीन दिवस रक्त थांबेना. मोहल्ल्यात म्हणाले, नजर लागली. घरात म्हणाले, आईकडून आलं. अम्मीनं ते बोलणं जन्मभर ऐकलं. खरं कारण एवढंच, की रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ माझ्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. अंदलुसचे हकीम अल्-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी अशा घराण्यांची नोंद केली होती, जिथली मुलं किरकोळ जखमेनं दगावत. माझी मात्र नजर उतरवली गेली.

गुडघ्यात वारंवार रक्त साचलं. त्यातल्या लोहामुळे सांध्याचं अस्तर सुजतं, कूर्चा झिजते. पस्तिशीत हाडाला हाड घासू लागलं. मशिदीत खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांत मी सगळ्यात तरुण होतो.

एका रुग्णालयानं फॅक्टर शिल्लक नाही म्हणून मला दोनदा परत पाठवलं. हिशेब सांगतो. किलोमागे एक युनिट दिलं की पातळी सुमारे 2 टक्के वाढते. माझं वजन 60 किलो, म्हणजे 100 टक्क्यांसाठी 3000 युनिट. साधारण 12 तासांत त्यातलं निम्मं उतरतं. म्हणून ऑपरेशननंतरही कित्येक दिवस, व्यायामाच्या वेळीसुद्धा, फॅक्टर लागतो. एवढा साठा हाती असल्याशिवाय सर्जन सुरी उचलत नाही.

आता वेदना गेली. गुडघा पूर्ण वाकत नाही, सज्दा खुर्चीवरच होतो. पण जिना चढतो, कामावर जातो.

माझं मागणं थोडं आहे. घराण्यात रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर खतन्याआधी तपासणी करा. आईला दोष देऊ नका; सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, प्रमाणपत्र काढा. सरकारी रुग्णालयात फॅक्टर मागायला रुग्णाला एकटं पाठवू नका, सोबत जा.

शेवटचं. वडिलांचा हा दोष प्रत्येक मुलीकडे जातो, म्हणून माझी मुलगी वाहक आहे. तिच्या लग्नाची बोलणी होतील तेव्हा मी हे लपवणार नाही. तेवढ्यासाठी तिला कुणी नाकारू नये, एवढीच अपेक्षा.